अंतराळवीरांचा जयंतीकार

पुणे शहराच्या सार्वजनिक जीवनाचा बराचसा भाग जयंत्या, पुण्यतिथ्या, शताब्द्या आणि त्यांच्या निमित्ताने होणारी व्याख्याने यांनी व्यापलेला असल्यामुळे, दुसऱ्यांच्या जन्मतारखा लक्षात ठेवण्यावर स्वतःची प्रतिष्ठा उभारणारा एक वर्ग या शहरात निर्माण व्हावा, यात नवल नाही; नवल असलेच, तर ते या वर्गाच्या एका उपशाखेने आपल्या निष्ठेसाठी निवडलेल्या दैवतांचे आहे. ही दैवते संत, समाजसुधारक किंवा नाटककार यांपैकी कोणीही नसून, पडद्यावर अंतराळयाने हाकणारी, टोकदार कान लावणारी, जादूची कांडी फिरवणारी, किंवा चित्रपटभर मुखवट्याआड राहून केवळ मोठ्याने श्वास घेणारी नटमंडळी आहेत. विज्ञानातील एखादी शक्यता ताणून ज्याची कथा रचलेली असते तो विज्ञानपट, आणि तशी शक्यता शोधण्याची तसदी न घेता जो थेट राक्षस, चेटूक व उडती वाहने पडद्यावर आणतो तो अद्भुतपट. या दोन्ही प्रकारांतील नटनटींचे वाढदिवस नियमाने, शास्त्रोक्त आणि शक्यतो वादासह साजरे करणाऱ्या पुणेकरास प्रस्तुत लेखात ‘जयंतीकार’ असे संबोधले आहे.

या संज्ञेला पहिला आक्षेप स्वतः जयंतीकारच घेतो. जयंती दिवंगतांची असते व हयात व्यक्तीचा वाढदिवस असतो, हा भेद तो इतक्या कसोशीने पाळतो की, त्याच्या वहीत ‘जयंती’ आणि ‘वाढदिवस’ असे दोन स्वतंत्र रकाने आखलेले असतात आणि एका रकान्यातील नाव दुसऱ्यात न्यावे लागण्याचा प्रसंग तो सुतक पाळल्यासारख्या गांभीर्याने पार पाडतो. ‘स्टार ट्रेक’ या मालिकेतील मिस्टर स्पॉक, म्हणजे लेनर्ड निमॉय, आणि कॅप्टन कर्क, म्हणजे विल्यम शॅटनर, हे दोघे १९३१च्या मार्च महिन्यात अवघ्या चार दिवसांच्या अंतराने जन्मले, शॅटनर २२ तारखेला आणि निमॉय २६ तारखेला. पुढे २७ फेब्रुवारी २०१५ रोजी निमॉय निवर्तले आणि तेव्हापासून जयंतीकाराच्या घरी मार्चच्या चौथ्या आठवड्यात एक वाढदिवस व एक जयंती असा मिश्र सप्ताह पाळला जातो. हा भेद घरातील वडीलधाऱ्यांच्या दृष्टीने अधिकच महत्त्वाचा असतो, कारण हयात माणसाच्या तसबिरीला हार घालणे अशुभ मानले जाते. म्हणून जयंतीकाराची आई टोकदार कानांच्या त्या छायाचित्राकडे पाहून दर वर्षी एकच प्रश्न विचारते, “अरे, हे गृहस्थ आहेत, की गेले?” पात्र परग्रहावरचे असल्याचे तिला केव्हाच सांगून झालेले असते, पण त्याने मूळ प्रश्न सुटत नाही, हे तिचे म्हणणे तर्काला धरून आहे.

जयंतीकाराची जडणघडण दूरदर्शनच्या एकवाहिनी काळात झाली. १९८०च्या दशकात दूरदर्शनवर ‘स्टार ट्रेक’ दाखवली गेली, त्याच दशकाच्या सुमारास ‘स्पेस सिटी सिग्मा’सारख्या देशी अंतराळमालिकाही आल्या आणि तो काळ सरल्यावर १९९८ मध्ये मिलिंद सोमण यांनी ‘कॅप्टन व्योम’ साकारला, तेव्हा अवकाशात मराठी आडनावाचा माणूस पोहोचल्याचे समाधान अनेक सोसायट्यांमध्ये व्यक्त झाले. मोठ्या पडद्याचे शिक्षण त्याने इंग्रजी चित्रपटांसाठी नावाजलेल्या अलका आणि राहुल या चित्रपटगृहांत घेतले. पुढे तो हिंजवडीत संगणकाची नोकरी करू लागला, बँकेतून निवृत्त झाला किंवा महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवू लागला तरी त्याच्या मूळ वृत्तीत फरक पडला नाही. त्याची बाह्य लक्षणे फारशी ठळक नसतात. इतर शहरांतील चाहते आवडत्या पात्राचा संपूर्ण वेष चढवून मेळाव्यांना जातात, ज्यास कॉस्प्ले म्हणतात. पुण्याचा जयंतीकार मात्र फुल शर्टाच्या आत अंतराळदलाचे चिन्ह असलेला बनियनवजा टीशर्ट घालतो आणि तो कोणाला दिसत नाही याचा त्याला अभिमान वाटतो. त्याला ओळखण्याची खरी खूण स्वयंपाकघरातील भिंतीवर सापडते. तेथील दिनदर्शिकेच्या चौकोनांत ‘दूध नको’, ‘गॅस लावला’ आणि ‘संकष्टी’ या नोंदींच्या शेजारी, बारीक पण सुवाच्य अक्षरात ‘निमॉय’, ‘सिगर्नी’ किंवा ‘रिव्ह’ असे लिहिलेले असते, आणि मोलकरणीने सिगर्नी ही नवी दूधवाली असल्याचे गृहीत धरलेले असते.

परदेशी नटाचा वाढदिवस साजरा करण्याला पुण्यात समर्थन लागते आणि ते जयंतीकार स्थानिक पंचांगातून मिळवतो. त्याचा सर्वांत भक्कम पुरावा २३ जुलै हा आहे. लोकमान्य टिळकांचा जन्म २३ जुलै १८५६ रोजी झाला आणि हॅरी पॉटरची भूमिका करणारा डॅनियल रॅडक्लिफ २३ जुलै १९८९ रोजी जन्मला. सकाळी नारायण पेठेत केसरीवाड्यात जाऊन लोकमान्यांना अभिवादन करायचे आणि संध्याकाळी घरी जादूगारांच्या शाळेचा चित्रपट लावायचा, असा त्या दिवसाचा क्रम असतो. आणि या दोहोंत विसंगती आहे असे कोणी सुचवल्यास, न खाल्लेल्या शेंगांची टरफले उचलण्यास नकार देणारा विद्यार्थी आणि खरे बोलल्याबद्दल खोटेपणाची शिक्षा भोगणारा विद्यार्थी यांच्या चरित्रांतील साम्यावर जयंतीकार पाऊण तास बोलू शकतो. २०१८ मध्ये २३ जुलैलाच आषाढी एकादशी आली, तेव्हा एकादशीचा उपवास, टिळक जयंती आणि रॅडक्लिफचा वाढदिवस यांचा समन्वय साबुदाण्याच्या खिचडीच्या ढिगावर एक मेणबत्ती उभी करून साधता येतो, हे या पंथाने सप्रमाण सिद्ध केले.

१९ जुलै हा दिवस मात्र तो अशा विनोदाच्या छटेशिवाय पाळतो. खगोलशास्त्रज्ञ आणि मराठी विज्ञानकथेचे अध्वर्यू जयंत नारळीकर यांचा जन्म १९ जुलै १९३८ रोजी कोल्हापुरात झाला. पुण्यातील ‘आयुका’ या संस्थेचे, म्हणजे आंतर-विद्यापीठीय खगोलशास्त्र व खगोलभौतिकी केंद्राचे, ते संस्थापक संचालक होते आणि २० मे २०२५ रोजी पुण्यातच त्यांचे निधन झाले. याच १९ जुलैला, १९७६ मध्ये, डॉक्टर स्ट्रेंज हा काळाशी खेळणारा मांत्रिक साकारणारा बेनेडिक्ट कंबरबॅच जन्मला. नारळीकरांनी आपली पहिली विज्ञानकथा मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेसाठी टोपणनावाने पाठवली होती, ही गोष्ट जयंतीकाराला विशेष प्रिय आहे, कारण नट रंगभूषेआड लपतो तसा वैज्ञानिकही प्रसंगी नावाआड लपू शकतो, असा सिद्धान्त तो त्यावरून मांडतो. डॉक्टर स्ट्रेंज एका चित्रपटात १,४०,००,६०५ संभाव्य भविष्ये पाहून येतो. त्यांपैकी एकातही लक्ष्मी रस्त्यावर गाडी लावायला जागा नव्हती, ही जयंतीकाराची पुस्ती दर १९ जुलैला नव्याने सांगितली जाते आणि श्रोते ती नव्याने ऐकतात.

अशा योगांचा साठा त्याच्यापाशी अक्षय असतो. २१ फेब्रुवारी १९४६ या एकाच दिवशी इंग्लंडमध्ये दोन बालके जन्मली, त्यांपैकी अ‍ॅलन रिकमन पुढे हॅरी पॉटरच्या चित्रपटांतील अध्यापक स्नेप झाला आणि अँथनी डॅनियल्स ‘स्टार वॉर्स’मधील सोनेरी यंत्रमानव सी-थ्रीपीओ झाला. हा यंत्रमानव साठ लाखांहून अधिक संवादपद्धती जाणतो आणि २१ फेब्रुवारी हा आंतरराष्ट्रीय मातृभाषा दिन असतो, एवढ्या दोन विधानांवरून जयंतीकार त्या साठ लाखांत मराठीचा समावेश होता काय, असा प्रश्न उपस्थित करतो. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाल्यापासून हा प्रश्न विचारताना त्याचा आवाज किंचित चढलेला असतो. २ ऑक्टोबर हा गांधी जयंतीचा दिवस पर्सिस खंबाटा हिचाही जन्मदिवस आहे. मुंबईत १९४८ साली जन्मलेल्या या अभिनेत्रीने १९७९च्या ‘स्टार ट्रेक’ चित्रपटात इलिया ही परग्रहवासी अधिकारी रंगवण्यासाठी डोक्याचे संपूर्ण मुंडण केले होते. त्या दिवशी मद्यविक्री बंद असल्यामुळे इतर शहरांतील चाहत्यांची कुचंबणा होते, परंतु पुण्याचा जयंतीकार तिच्या स्मरणार्थ आंबा मस्तानीचा पेला उंचावतो आणि राष्ट्रपिता व इलिया या दोघांनाही डोक्यावरच्या केसांचे महत्त्व वाटले नाही, असे म्हणून दिवस सार्थकी लावतो.

या पंथात स्त्रियांची संख्या वाढत आहे आणि त्यांचे पंचांग स्वतंत्र आहे. ‘एलियन’ या १९७९च्या चित्रपटात अंतराळयानात शिरलेल्या अक्राळविक्राळ जीवाचा एकटीने नायनाट करणारी रिप्ली, म्हणजे सिगर्नी वीव्हर, ८ ऑक्टोबर १९४९ रोजी जन्मली. २०१९ मध्ये ८ ऑक्टोबरला विजयादशमी आली आणि त्याच दिवशी तिला सत्तर वर्षे पूर्ण झाली. महिषासुरमर्दिनीच्या विजयाचा दिवस आणि रिप्लीचा वाढदिवस एकत्र आल्यावर वेगळे समर्थन देण्याची गरज उरली नाही, आणि आपट्याच्या पानांची देवघेव करताना ‘अंतराळात तुमची किंकाळी कोणी ऐकत नाही’ या आशयाचे भाष्य ऐकून ज्येष्ठ सभासदांनी सोन्यासारखे राहण्याचा आशीर्वाद दिला.

तिथी आणि तारीख हा वाद मात्र या पंथाला टाळता आलेला नाही. शिवजयंती तारखेने साजरी करावी की तिथीने, यावर ज्या महाराष्ट्रात अजून एकमत झालेले नाही, तेथे मार्क हॅमिलचा वाढदिवस वादातून सुटावा ही अपेक्षा अवाजवी ठरेल. ‘स्टार वॉर्स’मधील ल्यूक स्कायवॉकर साकारणारा हॅमिल २५ सप्टेंबर १९५१ रोजी कॅलिफोर्नियातील ओकलंड येथे जन्मला आणि पडद्यावरील सुपरमॅन क्रिस्टोफर रिव्ह बरोबर एका वर्षाने, २५ सप्टेंबर १९५२ रोजी, न्यूयॉर्कमध्ये जन्मला. ही तारीख बहुधा पितृपक्षात येते आणि २०२२ मध्ये ती थेट सर्वपित्री अमावास्येवर पडली. पितृपक्षात शुभकार्य वर्ज्य मानले जात असल्याने केक कापावा की नाही यावर दोन तट पडले. एका तटाचे म्हणणे असे की, रिव्ह २००४ मध्ये निवर्तला असल्याने त्याचे स्मरण पितृपक्षाला साजेसेच आहे, पण हॅमिलला दीर्घायुष्य चिंतण्यासाठी घटस्थापनेपर्यंत थांबावे. दुसऱ्या तटाने दाखवून दिले की, ल्यूक स्कायवॉकरची सगळी कथाच पित्याचे ऋण, पित्याचा शोध आणि अखेर पित्याला गती मिळवून देणे यांविषयी आहे, तेव्हा या नटासाठी सर्वपित्रीइतका योग्य दिवस वर्षभरात दुसरा नाही. हा युक्तिवाद बिनतोड ठरला आणि केकचा पहिला तुकडा खिडकीत कावळ्यासाठी ठेवण्यात आला.

तिथीचा प्रश्न सुटला तरी वेळेचा राहतो. सप्टेंबरमध्ये पुण्याचे घड्याळ कॅलिफोर्नियाच्या साडेबारा तास पुढे असते, म्हणजे ओकलंडला २५ तारीख उजाडते तेव्हा पुण्यात दुपारचे साडेबारा वाजलेले असतात. रात्री बाराच्या ठोक्याला शुभेच्छा देणारा तरुण जयंतीकार, नट अजून आदल्या दिवशीच आहे हे विसरतो आणि हा अपराध ज्येष्ठांच्या दृष्टीने अक्षम्य असतो. दुपारी साडेबाराची वेळ काटेकोर असली तरी तिच्या पाठोपाठ जेवण आणि जेवणापाठोपाठ वामकुक्षी येते, आणि तिच्याशी तडजोड करण्याची पुण्यात प्रथा नाही. परिणामी बहुतेक आंतरग्रहीय समारंभ सायंकाळी साडेपाचला, चहाच्या वेळी, दोन्ही कालविभागांना सारखेच गैरसोयीचे ठरतील अशा बेताने पार पडतात.

प्रत्यक्ष विधीत जुन्या व नव्या चालींची सरमिसळ आढळते. मराठी घरांत वाढदिवसाला औक्षण करतात, म्हणजे ताम्हनात निरांजन, सुपारी, अंगठी व अक्षता ठेवून व्यक्तीला ओवाळतात. दिवा लावणे हे त्याचे मर्म असल्यामुळे जळत्या ज्योतीवर फुंकर मारण्याची पाश्चात्त्य रीत ज्येष्ठांना खटकते. म्हणून दूरचित्रवाणीच्या पडद्यावर चित्रपट थांबवून, नटाचा चेहरा समोरून दिसेल अशा चौकटीला ओवाळले जाते आणि केकवरील मेणबत्ती न फुंकता आपोआप विझेपर्यंत सर्वजण उभे राहतात. केक कापण्याचा भाग थोडा नाजूक असतो. तलवारीने किंवा कोयत्याने केक कापून त्याची चित्रफीत फिरवणाऱ्यांवर पुणे पोलिसांनी वेळोवेळी गुन्हे दाखल केलेले असल्यामुळे, जयंतीकार बॅटरीवर चालणारा प्लॅस्टिकचा प्रकाशखड्ग हाती घेण्यापूर्वी, तो शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कक्षेत येतो काय, याची एखाद्या वकील मित्राकडे चौकशी करतो. तो येत नाही; पण त्याने केकही कापला जात नाही आणि अखेर स्वयंपाकघरातील सुरीच मागवावी लागते.

शहरभर झळकणाऱ्या वाढदिवसाच्या फलकांचा, म्हणजे फ्लेक्सचा, जयंतीकार कट्टर विरोधक असतो. चौकाचौकांतून हात जोडून उभ्या असलेल्या ‘भावी नगरसेवकां’विषयी आणि त्यांच्याखाली तिकिटाएवढ्या आकारात रांगेने छापलेल्या शुभेच्छुकांविषयी तो वृत्तपत्रांच्या वाचकपत्रांतून वारंवार लिहितो. तथापि अमेरिकेतील आयोवा राज्यात रिव्हरसाइड नावाचे एक लहानसे गाव आहे, जेथे तेविसाव्या शतकात कॅप्टन कर्क जन्माला येणार असल्याचे जाहीर करून गावकऱ्यांनी तसा दगडही बसवला आहे, आणि या गावाविषयी जयंतीकार अत्यंत आदराने बोलतो. अद्याप न जन्मलेल्या माणसाचे जन्मस्थान आगाऊ घोषित करणे आणि अद्याप न झालेल्या निवडणुकीतील नगरसेवकाचे अभिनंदन आगाऊ फलकावर लावणे, यांतील तात्त्विक फरक त्याला अजून समाधानकारकपणे सांगता आलेला नाही.

पंथातील सर्वांत विद्वत्तापूर्ण वाद सहस्रचंद्रदर्शनावरून झाला. आयुष्यात एक हजार पौर्णिमा पाहिलेल्या व्यक्तीचा हा सोहळा महाराष्ट्रात साधारणतः ऐंशी वर्षे पूर्ण झाल्यावर करतात. ‘स्टार वॉर्स’मधील हान सोलो आणि पुढे इंडियाना जोन्स साकारणारा हॅरिसन फोर्ड १३ जुलै १९४२ रोजी जन्मला, त्याच तारखेला, १९४० मध्ये, कॅप्टन पिकार्ड आणि प्रोफेसर एक्स या दोन गुरुतुल्य भूमिका करणारा पॅट्रिक स्ट्यूअर्ट जन्मला होता. १३ जुलै २०२२ रोजी फोर्डला ऐंशी वर्षे झाली आणि त्या दिवशी गुरुपौर्णिमा होती, एवढ्यावर सामान्य जयंतीकाराचे समाधान झाले असते. परंतु गणिती गटाने असा मुद्दा मांडला की, चांद्रमास सरासरी २९.५३ दिवसांचा असल्याने एक हजार चांद्रमासांना सुमारे २९,५३० दिवस लागतात, म्हणजे सोहळ्याचा खरा दिवस १९ मे २०२३ हा ठरतो. त्यावर पंचांगी गटाने हरकत घेतली की, विधीत ‘दर्शन’ महत्त्वाचे असून मास नव्हे तर पौर्णिमा मोजल्या पाहिजेत. जन्मानंतरची पहिली पौर्णिमा जुलै १९४२च्या अखेरीस आली असल्याने हजारावी ५ मे २०२३ रोजी, बुद्धपौर्णिमेला, पडते. दोन्ही गटांची आकडेमोड बरोबर होती आणि त्यामुळे वाद मिटण्याची शक्यता संपली. दरम्यान १८ मे २०२३ रोजी कान येथील महोत्सवात इंडियाना जोन्सचा पाचवा चित्रपट प्रथम दाखवला गेला व फोर्डला मानाचा पुरस्कार देण्यात आला, तेव्हा गणिती गटाने आपल्या तारखेपासून अवघ्या एका दिवसावर आलेल्या या सत्काराला सहस्रचंद्रदर्शन मानून घेतले आणि फ्रेंच आयोजकांनी पंचांग पाहिले असते तर तो एक दिवसही वाचला असता, असा शेरा इतिवृत्तात नोंदवला.

मुखवट्याआडच्या नटांचा प्रश्न यापेक्षाही बिकट आहे. ‘स्टार वॉर्स’मधील डार्थ व्हेडर या खलनायकाचा धिप्पाड देह डेव्हिड प्राउझ याचा होता, परंतु त्याचे इंग्लंडच्या पश्चिमेकडील वळणाचे उच्चार भूमिकेला शोभत नसल्याने आवाज जेम्स अर्ल जोन्स याचा वापरला गेला, आणि १९८३च्या चित्रपटात मुखवटा निघाल्यावर दिसलेला चेहरा सेबॅस्टियन शॉ या तिसऱ्याच नटाचा निघाला. परिणामी व्हेडरची देहजयंती १ जुलैला, वाणीजयंती १७ जानेवारीला आणि मुखजयंती २९ मे रोजी येते आणि एका खलनायकासाठी वर्षातून तीन केक आणावे लागतात. अशा विभागलेल्या अस्तित्वाची मराठी मनाला सवय आहे, हे दाखवण्यासाठी जयंतीकार १९९३च्या ‘झपाटलेला’चा दाखला देतो, ज्यातील तात्या विंचू हा गुंड दिलीप प्रभावळकरांनी साकारला, तर त्याचा आत्मा ज्यात शिरतो तो बाहुला रामदास पाध्ये यांनी घडवला. पीटर कुशिंग याने तर जन्ममृत्यूच्या रकान्यांनाच आव्हान दिले. २६ मे १९१३ रोजी जन्मलेला हा नट १९९४ मध्ये वारला आणि संगणकाच्या साह्याने पुनर्निर्मित होऊन २०१६च्या ‘रोग वन’ या चित्रपटात पुन्हा अवतरला. निधनानंतर बावीस वर्षांनी नवी भूमिका करणाऱ्या नटाची जयंती करावी की वाढदिवस, याविषयी जयंतीकाराच्या वहीत पेन्सिलीने केवळ प्रश्नचिन्ह काढलेले आहे.

त्याची खरी हार घरच्या अंगणात होते. विधी महाविद्यालय रस्त्यावर, जेथे १९३३ पासून प्रभात फिल्म कंपनीने चित्रपट घडवले आणि ‘संत तुकाराम’मधून १९३६ साली विमान थेट वैकुंठाला नेले, तेथे १९६० मध्ये फिल्म इन्स्टिट्यूट सुरू झाली आणि तेथेच नसीरुद्दीन शाह शिकले. ज्यूल व्हर्नने बुंदेलखंडचा राजपुत्र म्हणून रंगवलेला पाणबुडीचा कप्तान नेमो त्यांनी २००३ मध्ये हॉलिवुडच्या चित्रपटात साकारला, त्यामुळे पुण्याचा हक्क सांगता येईल असा विज्ञानपटातील नट त्यांच्याइतका जवळचा दुसरा नाही. पण आपला जन्म १९४९च्या जुलैत झाला की १९५०च्या ऑगस्टमध्ये, हे निश्चित नसल्याचे त्यांनी आत्मचरित्राच्या आरंभीच लिहून ठेवले आहे. लॉस एंजेलिसमधील नटांच्या जन्मवेळा घटिकांनिशी जाणणाऱ्या जयंतीकाराला स्वतःच्या घरापासून रिक्षाने पोहोचण्याच्या अंतरावर शिकलेल्या नटाची तारीख मिळू नये, हा नियतीचा खोडसाळपणा तो सहन करतो, परंतु विसरत नाही.

या सर्व खटाटोपामागची प्रेरणा केवळ माहितीचा सोस किंवा इतरांची चूक काढण्याची पुणेरी आवड ही नाही, जरी दोन्ही आरोप पुराव्यानिशी सिद्ध करता येतील. जयंतीकार ज्या पात्रांवर लुब्ध झाला, ती वय न होणारी पात्रे आहेत. स्पॉकच्या ग्रहावरचे लोक शतकानुशतके जगतात, व्हेडरचा मुखवटा सुरकुतत नाही आणि सुपरमॅनला दमही लागत नाही. वाढदिवस फक्त त्यांच्या आतल्या माणसांना येतात, आणि आपल्या बालपणी ज्याने विश्व वाचवले तो गृहस्थ आता ऐंशीचा झाला हे कळण्याचे दुसरे साधन नसते. अशा माणसाविषयी वाटणारी माया उघडपणे बोलून दाखवणे जयंतीकाराला जमत नाही, कारण ज्या घरांत तो वाढला तेथे कौतुकही ‘बरे आहे’ या दोन शब्दांपलीकडे जात नव्हते. मग तो तारीख सांगतो. तारीख अचूक असते, तिच्यात भावनाविवशता नसते, तिच्यावरून वाद घालता येतो, आणि वादाच्या निमित्ताने त्या माणसाविषयी तासभर बोलता येते.

याचा निर्णायक पुरावा १ जूनला मिळतो. महाराष्ट्रातील एका मोठ्या पिढीची अधिकृत जन्मतारीख १ जून आहे, कारण शाळेत नाव घालताना पालकांना तारीख ठाऊक नसल्यास गुरुजी नव्या शैक्षणिक वर्षाच्या तोंडावरची ही तारीख नोंदवून मोकळे होत. जयंतीकाराचे वडील याच पिढीतले. त्यांची खरी तारीख कोणालाच माहीत नसल्याने त्यांचा वाढदिवस घरात कधी झाला नाही आणि तो व्हावा असे त्यांनी कधी सुचवलेही नाही. पुढे स्पायडरमॅन साकारणारा टॉम हॉलंड १ जून १९९६ रोजी जन्मल्याचे जयंतीकाराच्या ध्यानात आले आणि तेव्हापासून दर १ जूनला घरी लालनिळ्या रंगाचा, जाळ्याची नक्षी काढलेला, बिनअंड्याचा केक येतो. केक त्या पोरासाठी आहे, असे वडिलांना सांगितले जाते. तो येथे नसल्यामुळे कापण्याचे काम तुम्हीच करा, असे सुचवले जाते. आणि आई औक्षणाचे ताम्हन घेऊन येते तेव्हा ती पडद्याकडे वळत नाही. वडील सुरी हातात घेऊन दर वर्षी तक्रार करतात की, या टॉम हॉलंडचे वय किती आणि खर्च किती. जयंतीकार त्यांना नटाचे वय वर्षे, महिने व दिवस यांसह बिनचूक सांगतो, आणि त्या दोघांमधील वर्षभरातले सर्वांत लांब संभाषण तेथून सुरू होते.